अर्जातलं वाक्य

आमच्या घरी महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आई आधी पंखा बंद करायची, मग वाहता नळ, आणि मग नानांच्या समोर येऊन बसायची. माझ्या वडिलांना, महिपतनानांना, ऐकू चांगलं यायचं. आतल्या खोलीत चमचा पडला तरी त्यांची मान वळायची. पण चार आवाजांतून एकाचं बोलणं त्यांना वेगळं काढता येत नसे.

"शब्द येतात गं," ते म्हणत, "पण खडे मिसळलेल्या तांदळासारखे. निवडेपर्यंत पुढचं सूप समोर येतं."

मी रागावले की मुद्दाम कुकरच्या शिट्टीत बोलायचे.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ऑपरेटर होते. तिथल्या घरघराटात त्यांनी आपली रीत बसवली होती. टाकीच्या पत्र्यावर तळवा ठेवून आतलं मिश्रण नीट ढवळलं जातंय की नाही, हे ते सगळ्यांच्या आधी सांगत. आणि आपली पाळी संपताना आधीच्या पाळीचे सहदेवकाका त्यांच्यासाठी दारामागच्या पाटीवर खडूने लिहून ठेवत. किती तापमान, कोणतं पिंप, किती वाजता.

"महिपत, रोज पेपर काढतोय तुझा," सहदेवकाका म्हणत. "पास झालास की पेढे दे रे!"

नाना हसत. पंधरा वर्षांत त्यांच्या हातून एकही बॅच बिघडली नाही.

एकोणनव्वद साली नवे साहेब आले. त्यांनी पाटी उतरवली आणि भिंतीवर भोंगे लावले. सूचना आता केबिनमधून बोलून येणार होत्या. दोन वेळा नाना काम टाकून विचारायला धावले. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "महिपतराव, पुन्हा आलात तर टाकीवरून काढून पिंपं धुवायला लावीन."

त्या रविवारी नाना कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी बारावीत होते. माझे निबंध वर्गात वाचून दाखवत.

"अर्ज लिही," ते म्हणाले. "मला ऐकू येतं. पण मशीनच्या आवाजात बोललेलं समजत नाही. पाटी परत लावावी. एवढंच."

ऐकू येतं आणि समजत नाही. हे वाक्य मला बहाण्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. वाचणारा म्हणेल, माणूस मंद आहे. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'दीर्घकाळ यंत्रांजवळ काम केल्यामुळे मला कमी ऐकू येते.' नानांनी चष्मा लावला, कागद बराच वेळ हातात धरला आणि सही केली.

अर्जात यंत्रांचं नाव आल्यावर, भरपाई द्यावी लागेल या धास्तीने, कंपनीने त्यांना कानांच्या तपासणीसाठी ठाण्याला धाडलं. बंद, शांत खोलीत कानांवर हेडफोन लावून ते बसले. आवाज आला की बोट वर. एकही चुकला नाही. ऐकणं उत्तम, असा अहवाल आला.

"कान तर माझ्यापेक्षा तिखट आहेत तुमचे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "खोटे अर्ज करता?"

नानांना मागच्या आवारात पिंपं धुवायला पाठवलं. पाच वर्षं त्यांनी तेच केलं. सोड्याच्या पाण्याने तळहात भेगाळले. घरी आईने मिक्सर लावला की ते उठून त्यावर तळवा टेकवायचे. क्षणभरच, मग काढून घ्यायचे.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. मी आता मराठीत एम.ए. करते, शब्दांचीच परीक्षा देते. काल दुपारी मी पंखा बंद केला, नळ पाहिला आणि त्यांच्या समोर बसले.

"नाना, त्या अर्जात मी तुमचं वाक्य बदललं होतं."

"माहितीये. वाचूनच सही केलेली."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

ते हातांकडे बघत राहिले. "वाटलं, तू शिकतेयस. माझं माझ्यापेक्षा तुला नीट सांगता येत असेल." मग म्हणाले, "लाव गं पंखा. उकडतंय."

मी उठून बटण दाबलं. पाती फिरू लागली आणि तिथूनच, त्यांच्याकडे पाठ असताना, मी म्हणाले, "चुकलं माझं."

"काय म्हणालीस?" नानांनी विचारलं.

मी पंखा पुन्हा बंद केला आणि त्यांच्या समोर येऊन बसले.