भावकीची परवानगी

आमच्या लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता, आणि त्याचं खरं सुख कुणाला झालं असेल तर आमच्या भावकीला. तोंडदेखलं सगळे हळहळायचे. डोहाळजेवणाला मला बोलवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी उरलेले लाडू मात्र घरी पाठवून द्यायचे, अशी त्यांची माया. मुळशीचं धरण झालं तेव्हा गावाची चांगली जमीन पाण्याखाली गेली होती. वर जी खाचरं उरली त्यात ओढ्याकाठची आमची सगळ्यात सुपीक. आंबेमोहोर पिकायचा. आमच्यामागे ती कुणाकडे जाणार, हे भावकीनं आम्ही धडधाकट असतानाच ठरवून टाकलं होतं.

यातले मुख्य म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, माझे थोरले दीर. एका वर्षी भातं झोडून झाली आणि हे गृहस्थ आपल्या तिसऱ्या मुलाला घेऊन आमच्या ओसरीवर आले. मुलाला नवी टोपी घातलेली. टोपीखाली कानामागे विडी, ओठावर चांगलं काळंभोर मिसरूड.

"ह्यो तुमचा," दीर म्हणाले. "घ्या वटीत."

मी दाराआड उभी होते. थोरल्या दिरांपुढे सुनेनं बोलायचं नाही ही रीत, म्हणून गप्प राहिले, नाहीतर सांगितलं असतं की हा ओटीत बसला तर ओटी फाटेल. मालकांनी विचारलं, "दादा, वय काय ह्याचं?"

"चौदा भरंल आता."

आदल्याच उन्हाळ्यात याच मुलाच्या लग्नाची बोलणी फिसकटली होती, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. पंधराच्या आतलं मूलच दत्तक घेता येतं असं कुणा वकिलानं सांगितलं असणार, म्हणून पोरगा पुन्हा लहान झाला होता. बापलेक दोघंही गंभीर चेहऱ्यानं बसले होते. दुसऱ्याला मूर्ख समजणारा माणूस स्वतः किती मूर्ख दिसतो हे त्याला कधी कळत नाही.

मालक कमी बोलणारे. मान खाली घालून म्हणाले, "दादा, आमी पोरगी आननारोय. पुन्याच्या आश्रमातली."

दिरांना आधी ते समजलंच नाही. मग म्हणाले, "पोरगी? दत्तक पोरगी कुनी घेतं व्हय? ती तर लोकाच्या घरी जायची. आन् जात?"

"इचारली न्हाई."

दीर अंगणात थुंकले आणि आपलं चौदा वर्षांचं मिशाळ बाळ घेऊन निघून गेले.

आमचं खरंच ठरलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात तपासणीला गेले असताना तिथल्या एका नर्सबाईंनी आश्रमाचा पत्ता दिला होता आणि आता मुलीलाही दत्तक घेता येतं असं सांगितलं होतं. आश्रमात जागा अपुरी, म्हणून लहान मुलं ते बाहेरच्या कुटुंबांत सांभाळायला ठेवत. आमची मुलगी, म्हणजे जी पुढे आमची झाली ती, नदीपलीकडे एका गवंड्याच्या घरी होती. चार वर्षांची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती वाळूच्या ढिगावर बसून चपटे खडे वेचत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

गवंड्याची बायको मला मुळीच आवडली नाही. मुलगी तिला आई म्हणायची, आणि प्रत्येक वेळी तसं म्हटलं की ती बाई माझ्याकडे बघायची. चहा दिला तोही कान तुटलेल्या कपात. तरी मी दर पंधरवड्याला एसटीनं जात राहिले. शेंगा नेल्या, चिंचेचे गोळे नेले, परकर शिवून नेला. मुलगी सगळं घ्यायची आणि पाठ फिरवायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिनंच विचारलं, "तुमच्याकडं शेळी हाय का?"

"नाही गं."

"मंग मी न्हाई येनार."

मालकांना हे सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी माळावर उतरलेल्या धनगरांकडे गेले आणि एक पांढरी पाट, म्हणजे तरणी शेळी, घेऊन आले. गावात हसू झालं. पोर यायच्या आधी शेळी आली म्हणून बायका पाणवठ्यावर खिदळायच्या. स्वतःच्या पोरींना उष्टं वाढणाऱ्या बायका त्या. त्यांचं हसणं मी फार मनावर घेतलं नाही.

मग घर बघायला आश्रमाच्या बाई येणार असं कळलं. मालकांनी आडाभोवती दगडांचा कठडा रचला. मी भिंती पोतारल्या, जुन्या लुगड्यांची लहान वाकळ शिवली. पण बाई नेमक्या सांगितलेल्या दिवसाच्या आधी आल्या. आमचे भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस. मी शेतातून आले ती राखेनं काळी होऊन, आणि बाई दारात पांढरं पातळ सारवणापासून वर उचलून धरून उभ्या. त्यांना प्रत्येक गोष्ट हुंगायची सवय होती. उतरंडीतलं गाडगं हुंगलं, वाकळ हुंगली, पाण्याचा हंडा हुंगला.

"आश्रमातली मुलगी म्हणून तिला शेतावर राबवणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

ही शंका काढणं त्यांचं काम होतं, हे मला कळतं. पण मी चोर आहे असं आधीच गृहीत धरलेला तो सूर आठवला की आजही डोकं तडकतं.

"तुम्हांला मूल का झालं नाही?" हा पुढचा प्रश्न. मालक समोर, आमच्या शेतावरच्या गड्याची बायको समोर.

"ते डॉक्टरांनाही कळलं नाही," मी म्हटलं. "तुम्हांला कळलं तर सांगा."

बाई काही बोलणार तोच थोरले दीर अंगणात आले. सोबत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. ती दिरांकडेच असायची आणि त्यांचंच बोलायची. बोलावलं कुणी नव्हतं. दिरांनी बाईंना हात जोडले.

"बाईसाहेब, माजा भाऊ हाय, पन खरं सांगतो. ह्यो लई दारू पितो. रोज बायकुला मारतो."

आत्याबाईनं पदर डोळ्यांना लावला. "आन् ही वांज. लेकराला निजर लागंल हिची."

मालक भावाकडे बघतच राहिले. बाई माझ्याकडे वळल्या. बारा वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. डोक्यावरचा पदर खाली आला होता तो तसाच राहू दिला आणि थोरल्या दिरांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"बाई, तुम्ही मघापासून सगळं घर हुंगलंत. आता जरा यांच्या तोंडाजवळ जाऊन बघा."

बाईंना पुढे जावं लागलंच नाही. उन्हं अजून उतरली नव्हती, तरी दिरांच्या तोंडाचा भपकारा अंगणभर होता. बाई दोन पावलं मागे सरल्या, पदर नाकाशी नेला आणि आत्याबाईला म्हणाल्या, "आजी, यांना घेऊन जा आता."

त्या बाईंचं माझ्याबद्दल काय मत झालं देव जाणे. पण मुलगी आधी सांभाळायला न्या, कोर्टाचं मागाहून होईल, असा निरोप आला.

आणायला गेलो तेव्हा गवंड्याच्या बायकोनं तिच्या वेण्या घालून ठेवल्या होत्या. ती मुलीला म्हणाली, "जा, शेळी बघून ये." जणू संध्याकाळी परतच यायचं होतं. मला संताप आला. एसटीत बसल्यावर मुलीनं विचारलं, "माघारी कवा जायचं?"

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. "आता माघारी नाही जायचं. आपल्याच घरी राहायचं."

पिरंगुट येईपर्यंत ती रडली. गाडीतल्या एका शहाण्यानं, पोरगी पळवून तर नेत नाही ना, म्हणून विचारलं. मालक शांतपणे म्हणाले, "आमची हाय. रडती तर रडू द्या." पौडाच्या पुढे ती झोपली, आणि घरी उतरवली तशी सरळ गोठ्यात गेली.

चार दिवसांनी आम्ही गावजेवण ठेवलं. भावकीतलं एकही माणूस आलं नाही. समोरच्या ओसरीवरून मात्र सगळे डोळे फाडून बघत होते, कारण आमटीच्या वासाला काही मज्जाव करता येत नाही. शेवटी मालकांनी माळावरच्या धनगरांना बोलावलं. ते बायकापोरांसह आले. एका म्हातारीनं विचारलं, "पोर कुनाची?"

"आमची," मी म्हटलं.

"बरं. आमटी वाढ."

इतकं साधं होतं ते. भावकीला ते पुढे कितीतरी वर्षं जमलं नाही.

कोर्टात हरकत घेणार म्हणून दिरांनी गावभर सांगितलं होतं. तारखेला ते आलेच नाहीत. कोर्टानं त्यांच्याच मिशाळ मुलाच्या वयाचा दाखला मागितला तर काय, ही धास्ती असणार. न्यायाधीशांनी मुलीला जवळ बोलावून विचारलं, "हे कोण?"

"शेळीवाले," ती म्हणाली.

वकील हसले. मी हसले नाही. ती आम्हांला हाक मारायचं टाळत होती. ऐ, ओ, असं काहीतरी म्हणायची. हुकूम झाला, ती कायद्यानं आमची झाली, आणि तरी घरी येताना ती मालकांच्या मांडीवर बसली ती खिडकीकडे तोंड करून.

लावणीच्या वेळी मी चिखलात वाकले होते. बांधावरून एकदम आरोळी आली, "आये!" मला वाटलं, त्या गवंड्याच्या बायकोची आठवण आली असेल. मी वाकलेलीच राहिले. पुन्हा तीच आरोळी, या वेळी रागानं. वर पाहिलं तर ती एका पायावर उभी होती, दुसऱ्या पायात बाभळीचा काटा, आणि बघत होती माझ्याकडे.

मी हातातली रोपं तिथेच टाकली आणि चिखलातून निघाले.