खिंडीतली माघार

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले. वडूज मागे पडलं तशी हिरवळ विरळ झाली आणि आटपाडी जवळ आल्यावर नुसते बोडके माळ दिसू लागले. मी एका भांडणासाठी चालले होते.

मध्ययुगीन लढायांवर मी एक पटावरचा खेळ तयार करते आहे. निवृत्त सुभेदार सर्जेराव तो माझ्याशी फोनवरून खेळत. माझ्या नियमात माघार घेतली की गुण कापले जात. तेवढ्यावरून त्यांनी खेळणंच सोडलं. शेवटचा निरोप होता, "ताई, आमची खिंड बगायला या. मग बोलू."

स्टँडवर ते जीप घेऊन उभे होते. खिंडीशी पोचल्यावर म्हणाले, "मी पळतो. तुमी माझा पाठलाग करा." सत्तरीचा माणूस खरंच पळत सुटला! मी हसत मागे धावले. वाट अरुंद होत गेली, दोन्हीकडे दरडी चढल्या, आणि वळणावर सुभेदार दिसेनासे झाले. तेवढ्यात मागून मेंढ्यांचं खांड (कळप) आत शिरलं. धूळ उठली. वरून एक दगड घरंगळत माझ्या पायाशी आला. दरडीवर चढलेल्या एखाद्या मेंढीच्या पायाने सुटला असणार, तरी मी दरडीला पाठ लावून उभी राहिले. मागे वळावं तर वाट नव्हती. पटावर घोडदळाला मी कितीदा अशा खिंडीत ढकललं होतं. फासे टाकून सहज पुढची चाल खेळले होते.

मेंढ्या गेल्यावर सुभेदार परतले. "लागलं न्हाई न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी त्यांच्या पत्नी अक्कांनी भाकरी आणि माडगं (हुलग्याची पातळ पेज) वाढलं. मी म्हणाले, "पळ काढल्याचं सोंग करून शत्रूला आत ओढायचं, त्याला मी गुण ठेवते. मग तर झालं?"

"सोंग नसंल तर?" ते म्हणाले. मग माडगं ढवळत सांगू लागले. "सरहद्दीवर एकदा चौकी सोडून तुकडी माघारी आणली मी. सोंग न्हवतं. थांबलो असतो तर समदी पोरं गेली असती."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगू? पळून आलो म्हनून?"

अक्कांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आवं, दर दिवाळीला त्यो पंजाबी गडी फोन करतो, मला आई म्हनतो... त्यो त्यातलाच व्हय?"

सुभेदारांनी होकारार्थी मान हलवली. अक्कांनी ती भाकरी नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि त्याही आमच्याबरोबर जेवायला बसल्या.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर तेच माळ होते. लढाई म्हणजे जागा धरणं, असं धरून मी सगळा खेळ रचला होता; माणसं कुठे पोचतात हे मोजायचं सुचलंच नव्हतं. सातारा येईपर्यंत नियम बदलला: जिवंत परतलेल्या प्रत्येक तुकडीला गुण.

पुढच्या रविवारी फोनवर पहिला डाव झाला. सुभेदारांनी खिंड सोडली, सगळी माणसं सुखरूप नेली आणि मला हरवलं. पलीकडून अक्कांचा आवाज आला, "जिकलं का ओ?"

"व्हय," ते म्हणाले. "माघार घेऊन."