एरर बार दुप्पट झाला तेव्हा

“ग्राफ मस्त आलाय. शुक्रवारी हाच दाखवू,” सर म्हणाले. मी मान हलवली. पण सरांनी काढलेला तो ग्राफ मला पटला नव्हता.

नेरूळला सरांच्या छोट्या रिसर्च ग्रुपमध्ये मी प्रोजेक्ट असिस्टंट आहे. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रोटॉनच्या संवेगात ग्लुऑनचा वाटा किती, हे आम्ही कॉम्प्युटरवर काढतो. कॉम्प्युटर ग्लुऑनचे जणू फोटो बनवतो. पुष्कळ फोटोंची सरासरी म्हणजे उत्तर. ते किती डळमळीत आहे हे दाखवणारी उभी रेघ म्हणजे एरर बार.

अडचण अशी, की प्रत्येक फोटो आधीच्या फोटोत थोडा बदल करून बनतो. लागोपाठचे फोटो सारखेच निघतात. सोसायटीत एकाच घरातल्या चौघांना विचारायचं आणि चार घरांचं मत म्हणायचं, तसं. मी शेजारचे फोटो आधीपेक्षा मोठ्या गटांत बांधून, प्रत्येक गट एकच मत धरून, पुन्हा हिशेब केला. एरर बार जवळजवळ दुप्पट झाला.

शुक्रवारच्या टॉकवर आमचा पुढचा कॉम्प्युटर टाइम, म्हणजे मोठ्या सामायिक कॉम्प्युटरवर मिळणारा वेळ, ठरणार होता. आणि त्यावर माझी पोस्ट पुढे चालू राहणार की नाही ते.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणायची आमच्यात रीत नाही. म्हणून सकाळी एवढंच म्हटलं, “सर, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक. एरर मोठा येतोय.”

“मग बघ ना नीट,” म्हणून सर स्लाइडकडे वळले.

आमच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर इथे संशोधन करणाऱ्या, नाझनीन मॅडम उरणच्या. त्यांनी माझा हिशेब तपासला. “बरोबर आहे की. मग ‘माझं चुकतंय’ कशाला?”

“सरांना वाईट वाटेल.”

“सर काय वरपक्ष आहेत, मान सांभाळायला? चल, मी येते. पण बोलायचं तू.”

मी परत गेले. “सर, माझा हिशेब बरोबर आहे. ग्राफमधला बार लहान आहे. गट किती मोठे घ्यायचे, ती सेटिंग आधीच्या हिशेबाचीच राहिलीय.”

सरांनी सेटिंगची फाइल उघडून पाहिली. “सकाळी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं, सर.”

“तू तुझी चूक सांगितलीस. माझी नाही.”

टॉक मोठ्या बारसकट झाला. पहिलाच प्रश्न गटांवर आला. सरांनी उत्तराला मला उभं केलं. मी अडखळत बोलले, पण बोलले. कॉम्प्युटर टाइम मागितला त्याहून कमी मिळाला. माझ्या पोस्टची मुदत मात्र वाढली. मॅडमनी ढकललं नसतं आणि सरांनी ऐकून घेतलं नसतं, तर मी गप्पच बसले असते. दोघांची मी ऋणी आहे.

आता चूक दिसली की ती कुणाची, तेही सांगते. अजून जड जातं.