नानांच्या दुकानातला गुमान

ड्रेसवाले नाना नाटकाचे कपडे भाड्याने देत, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय एक टोपीसुद्धा हातावर ठेवत नसत. मूळचे ते शिंपी. जळगावात त्यांची दहा बाय बाराची खोली होती. तीन भिंतींना छतापर्यंत पत्र्याच्या पेट्या लावलेल्या आणि डांबरगोळ्यांचा वास असा, की आत गेलेला माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. शाळांची गॅदरिंगं, गणपतीतली नाटकं, पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीतल्या झांक्या, सगळ्यांचे पोशाख इथूनच जात. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला किंवा नाडीजवळ नानांनी लाल दोऱ्याने ओळख शिवलेली असे: 'मावळा ३', 'राजा १', 'मारवाडी २', 'आदिवासी १' ते 'आदिवासी ६'. फक्त लहान मुलांसाठी हे कपडे ते मुकाट्याने देत. पण कोणी मोठा माणूस नाटकासाठी मागायला आला, की चष्मा कपाळावर चढवून पात्राबद्दल विचारत, "त्यानं नाव काय शे?"

नाव सांगितलं तर पुढचा प्रश्न तयार असे. "हाऊ घर जाईसन काय खास?" घरी जाऊन हा काय खातो, हे पेशव्यांच्या कारभाऱ्याबद्दल विचारल्यावर एक हौशी दिग्दर्शक नानांवर इतका भडकला होता, की थेट भुसावळहून कपडे घेऊन आला. नानांना त्याचं काही वाटलं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी प्रश्न सोडायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता. तसे ते काही संत नव्हते. पत्त्यांत उघड उघड लबाडी करत, मिशांना काळं लावत आणि ते लावतो हे शपथेवर नाकारत.

माझी गाठ त्यांच्याशी पडली ती शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमारास. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवायचो आणि एकांकिका लिहायचो. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, की यंदा धुळ्याच्या स्पर्धेत नंबर आला नाही तर नाट्यमंडळ बंद. मंडळात बारा विद्यार्थी होते आणि ते मंडळ हाच माझा कॉलेजातला एकमेव आनंद होता. म्हणून मी फार विचार करून एकांकिका लिहिली. एस.टी. स्टँडवर बस चुकलेला एक तरुण कारकून, आणि त्याच्याभोवती सगळा समाज: एक मुसलमान चाचा, एक मारवाडी, एक विधवा बाई, एक आदिवासी. कोणी राहिलं नाही ना, हे मी बोटांवर मोजून पाहिलं होतं. प्रत्येकाने एकेक शहाणपणाचं वाक्य बोलायचं आणि कारकुनाचे डोळे उघडायचे.

ती यादी घेऊन मी नानांकडे गेलो. आदिवासीचा पोशाख मागितला. नानांनी नाव विचारलं. संहितेत फक्त 'आदिवासी' असं होतं. "तो काय बोलस?" नानांनी विचारलं. मी म्हणालो, "साहेब, जंगल आमची आई आहे." "मंग?" "मग जातो." नानांनी हातातली पेटी पुन्हा बंद केली. "प्रोफेसर, हाई नाटक नही, पंधरा ऑगस्टनी झांकी शे," ते म्हणाले. "कपडा मी देसू. मानूस तू लई ये."

मला राग आला. एक शिंपी मला नाटक शिकवतो, असं काहीतरी मी पुटपुटलो असेन, कारण नानांनी ते ऐकलं. ते शांतपणे म्हणाले, "नाटकमा शिंपी येस, गयामा टेप टांगीसन येस. लोके हासतस, नि तो जास. मन्ही माय मरनी तवय मी रडनू नही का?" गळ्यातली टेप काढून त्यांनी खुंटीला लावली आणि माझ्याकडे पाठ केली. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

मी घरी जाऊन आदिवासीला गुमान असं नाव दिलं. नुसतं नाव देऊन भागणार नाही म्हणून त्याला दोन पानांचं भाषणही दिलं. माझा गुमान आता सगळ्यांपेक्षा शहाणा, निर्लोभी, निसर्गाचं गूढ जाणणारा झाला. मोठ्या उत्साहाने मी ते नानांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आते तू त्याले देव करी टाका. देवले कपडा नही लागत, हार लागस."

शेवटी तेच मला एका बाजारच्या दिवशी यावलला घेऊन गेले. आम्ही चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसलो. समोर केळीच्या बागांतून आलेली माणसं, डोंगरातून उतरलेली माणसं, सगळी एकाच गर्दीत. नाना म्हणाले, "यासमा तुन्हा गुमान कोन शे, वळखी दखाड." मी बराच वेळ पाहिलं आणि एका उघड्या अंगाच्या, काटक म्हाताऱ्याकडे बोट केलं. त्याच्या धोतरावर काळेकुट्ट डाग होते. रानावनातला माणूस, अशी माझी खात्री पटली. नानांना हसू आवरेना. तो तिथला चांगला पंधरा एकरांचा केळीवाला होता. डाग केळीच्या चिकाचे होते, आणि खानदेशात जन्मून मला ते ओळखता आले नव्हते.

खरा आदिवासी, सातपुड्यातला पावरा, होता तो शेजारच्याच रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढे. निळा टेरिकॉटचा शर्ट, मनगटावर घड्याळ, चेहरा तापलेला. त्याचा रेडिओ मेव्हण्याने पाडला होता आणि दोन महिने तो मेव्हण्याशी बोलत नव्हता. नानांनी त्याला चहा पाजला आणि एका शब्दाने काही न विचारता त्याच्याकडून ही सगळी कहाणी काढून घेतली. मी वहीत बारा प्रश्न लिहून नेले होते. पण पहिला प्रश्न त्यानेच मला विचारला, "तुम्ही कोणत्या गावचे?" मी सांगितलं. "तिथं पाऊस कसा आहे?" हा त्याचा दुसरा प्रश्न. माझी वही पिशवीतच राहिली.

परतीच्या बसमध्ये मी एकांकिका मनातल्या मनात फाडून टाकली. नंतर ती नव्याने लिहिली. चाचा आणि मारवाडी यांना काढून टाकलं, कारण त्यांच्या घरी काय शिजतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला वेळ उरला नव्हता. बाई राहिली, कारण ती माझ्या मावशीवरून आली होती. तिला मी मावशीचा चिडखोरपणा दिला. गुमान राहिला, दुरुस्त केलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसलेला. मेव्हण्याला तो रेडिओ ऐकवायचा की नाही, या विचारात तो कारकुनाकडे फारसं लक्षच देत नव्हता. त्याचं गाव, पाडा, बायकोचं नाव, सगळं नानांनी माझ्याकडून वदवून घेतलं. त्यातलं निम्मंही नाटकात आलं नाही. "येवाले नही पायजे," नाना म्हणाले, "तुले म्हाईत पायजे."

धुळ्याला प्रयोगाआधी तासभर माझा धीर सुटू लागला. दुसऱ्या संघाचा आदिवासी पिसांचा मुकुट आणि भाला घेऊन विंगेत उभा होता, आणि परीक्षक कौतुकाने त्याच्याकडे पाहत होते. आमची पोरं म्हणाली, "सर, आपणही काहीतरी घालू या. मंडळाचा प्रश्न आहे." मला सगळं कळत होतं. बारा जणांचे चेहरे माझ्याकडे लागले होते. कपडे घेऊन आमच्याबरोबर आलेल्या नानांकडे मी पाहिलं. मग म्हणालो, "गुमान शर्टच घालेल."

पण गुमान करणाऱ्या विद्यार्थ्याचा शर्ट नवाकोरा, घडीही न मोडलेला होता. नानांनी आपल्या अंगातला निळा शर्ट काढला, त्याला घातला, एक बाही वर दुमडली, दुसरी तशीच ठेवली. स्वतः बनियनवर पंचा टाकून प्रयोगभर विंगेत उभे राहिले.

नंबर आला नाही. 'आदिवासी पात्राची वेशभूषा पटत नाही,' असा शेरा मिळाला. कपडे आवरताना चाळिशीचे एक गृहस्थ आत आले. शिरपूरच्या पुढे डोंगरात प्राथमिक शिक्षक होते, स्वतः पावरा. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "गुमान कोणत्या गावचा?" मी पाड्याचं नाव सांगितलं. ते विचारात पडले. "तिथं माझी बहीण दिली आहे," ते म्हणाले. "मला तर असा कोणी आठवत नाही. माझा मेव्हणा मात्र अगदी गुमानसारखाच आहे." आणि मनापासून हसले. नानांनी पंच्याने तोंड पुसलं. मला वाटतं, डोळेही पुसले, पण मिशांच्या रंगासारखं तेही त्यांनी पुढे शपथेवर नाकारलं.

प्राचार्यांनी शब्द पाळला आणि मंडळ बंद केलं. पुढच्या आठवड्यापासून आम्ही नानांच्या दुकानात पेट्यांवर बसून तालमी करू लागलो आणि दहा वर्षं केल्या. बारातले सात जण टिकले. नवीन संहिता आली की नानांचे तेच प्रश्न, आणि उत्तर नसेल तर तालीम नाही. त्यांचा निळा शर्ट मात्र पुन्हा त्यांच्या अंगावर दिसला नाही. एकदा मी चेष्टेने विचारलं, तर म्हणाले, "तो आते मन्हा नही." मी समजलो, फाटला असेल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाना गेले. त्यांच्या मुलाला दुकान चालवायचं नव्हतं. एरंडोलच्या एका मंडळाने पेट्या न्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने मला बोलावून सांगितलं, "काही ठेवायचं असेल तर बघा." मी एकेक पेटी उघडत गेलो. एका पेटीत 'आदिवासी १' ते 'आदिवासी ६' होते, त्यांची पिसं झडलेली. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला निळा शर्ट होता, एक बाही अजून वर दुमडलेली. मी कॉलर उलटून पाहिली. लाल दोऱ्याने नानांनी शिवलं होतं, 'गुमान'. पुढे आकडा नव्हता.