बिनदांड्याचे चार घड

फैजपूरच्या बाजूला केळीच्या बागांत भागाबाईने तीस वर्षं घड वाहिले. त्यापायी तिचा डावा खांदा खाली बसला होता. जिभेला मात्र कधी विसावा मिळाला नव्हता. बौद्धवाड्यात माणसं तिला टरकून असत, आणि पाटलांच्या आळीत जरा जास्तच.

सत्त्याऐंशी सालच्या त्या सकाळी जीवरामनानांच्या ओट्यासमोर पुन्याला निंबाला बांधलेलं बघून ती थांबली. पुन्या सातपुड्याच्या पायथ्याचा, नानांच्या बागेतला मजूर. बागेतले चार घड रातोरात गेले होते आणि त्याच्या खोपीमागच्या नाल्यात पाल्याखाली सापडले होते. आता फौजदाराला निरोप जायचा होता. तो एकदा आला की पुन्या जन्माचा चोर. मग पंचक्रोशीतल्या एकाही बागेत त्याला कोणी उभं करणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

“पुरावा काय, नाना?”

“सदऱ्यावर केळीचा चीक हाये. इचारलं तं बोलत नाही. अन् माल त्याच्या खोपीमांगे.”

“चीक तं तुमच्या धोतरालेबी हाये. अन् तुम्ही असं डोळे वटारून इचारता तवा घरात तरी कोन बोलतं?”

ओट्यावर कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. पण खोपीमागचा माल नुसत्या तोंडाने उडणारा नव्हता, हे तिलाही कळत होतं. पुन्यानेच केलं असलं तर? ती मनात चरकली, आणि ओट्याशी आणून टाकलेल्या घडांजवळ जाऊन उकिडवी बसली.

एकाही घडाला दांडा नव्हता. घड कापताना वर वीतभर दांडा ठेवतात, नाहीतर धरायचं कुठे? इथे घाव थेट वरच्या फणीला लागून होता आणि खालची केळी फरफटून सोलली होती.

“हे ज्यानं कापलं, त्यानं जन्मात घड उचललेला नाही. पुन्या आंधळा झाला तरी असं कापनार नाही. असा माणूस गावात कोन हाये ते तुम्हीच सांगा.”

असे गावात फारसे नव्हते. एकेक करून सगळ्यांचे डोळे नानांच्या पोराकडे, कॉलेजात जाणाऱ्या भाईदासकडे वळले.

“आपलेच तं व्हते,” तो पुटपुटला. “इकून पोरांले भाड्यानं व्हिडिओ आणायचा व्हता.”

नानांना एकाएकी कायदा आठवला. घरचा माल घरच्याने नेला तर ती चोरी नव्हे, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाईदासला आत चहाला बोलावलं गेलं. भागाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चोरीच नाही झाली, तं याले बांधलं कशापायी?”

तिनेच दोर सोडला. पुन्या मनगटं चोळत निघाला, तो बागेकडे नाही, डोंगराकडे.

“भागाबाई, थांबव त्याले,” नाना म्हणाले. “उद्या गाडी भरायची हाये. घड कोन वाहील?”

“तुमचं पोरगं हाये की,” ती म्हणाली आणि वेशीपर्यंत पुन्यासोबत चालत गेली.