खिशातला हात

हातवाल्या नानांचा उजवा हात कायम बंडीच्या खिशात असायचा. बायका सोनं कपाटात ठेवतात तसा नाना तो हात खिशात ठेवत. कोणी रामराम घातला तरी उत्तर डाव्या हाताने यायचं. उजवा बाहेर निघायचा तो दोनच कामांसाठी, जेवायला आणि रोप लावायला. दोन्ही वेळी तळहात खाली वळलेला असायचा, आणि बघणारे भक्तिभावाने मान खाली घालून उभे असायचे.

आमच्या खानदेशात, चोपड्याकडे, केळीची बाग लावायची तर पहिलं रोप हातगुण असलेल्या माणसाने लावायचं, अशी पद्धत. नाना आले, नारळ फुटला, एक रोप मातीत गेलं, की त्यांचं काम संपलं. उरलेली हजारो रोपं मजूर बाया उन्हात वाकून लावत, पण त्यांच्या हाताला गुण असल्याचं कधी कोणाच्या कानावर आलं नाही. बाग साधली तर नानांचा हात, फसली तर शेतकऱ्याचं नशीब, इतका सोपा न्याय होता.

मी तेव्हा धुळ्याहून शेतकीची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो. अंगात ज्ञान मावत नव्हतं. गावात सल्ला केंद्र काढलं आणि दारावर फलक लावला, ‘नशीब नको, नियोजन हवं.’ मारुतीच्या सभामंडपात व्याख्यान ठेवलं. पाच जण आले. त्यातला एक मोबाईल चार्ज करायला आला होता. तो मात्र शेवटपर्यंत बसला.

नानांच्या मागे गाव का धावतं, हे मला कळत नव्हतं. त्यांची तऱ्हाही अजब होती. बोलावलं की लागवडीच्या आदल्या दिवशीच हजर. आधी एकटेच वावर फिरत, मग वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हापसत आणि ढेकर देऊन सांगत, “उद्या मुहूर्त नही शे भो.” कारण एखादा ग्रह. कोणाच्या ठिबकच्या नळ्यांत शनी अडकलेला, कोणाच्या शेणखतात मंगळ तापलेला. लोक घाबरून नळ्या धुवायचे, खत बदलायचे, मग नाना प्रसन्न व्हायचे. मी हे ऐकून पोट धरून हसायचो. पदवीधर होतो ना.

मग आमचीच मृगबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावरची केळी, लावायची वेळ आली. आबा, म्हणजे माझे वडील, अडून बसले. “तुना कागद घरमा ठेव. पहिलं रोप नानाच लावी.”

मी पैज मारली. बाग मी माझ्या पद्धतीने लावणार. साधली तर नानांना आपल्या बांधावर पुन्हा बोलवायचं नाही. फसली तर मी फलक उतरवतो, केंद्र बंद करतो आणि आबा सांगतील ते करतो. आबांनी मान डोलावली, पण नानांना निरोप धाडलाच.

नाना आले, फिरले, जेवले. म्हणाले, “खालना कोपरामा राहू बठेल शे. चार दिन थांब. चर खोद, मंग मी येस.”

राहूला चर कशाला लागतो, हे विचारायचीसुद्धा मला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं रोप मीच लावलं, माझ्या पदवीधर हाताने.

पंधरा दिवसांनी पाऊस झाला आणि खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलं. चार ओळी कुजल्या. बरोबर राहू बसला होता तिथल्याच. बाकी बाग बरी होती, पण गावाला बाकीची बाग दिसत नसते. मी फलक उतरवायला केंद्राकडे निघालो. वाटेत चहाच्या टपरीवर गर्दी होती आणि मध्ये नाना बोलत होते.

“त्या कोपरामा मनाच हात लागेल व्हता. हात म्हातारा व्हयना मना. बाकी बाग दखा पोऱ्यानी, कशी शे!”

मी थांबलो. कुजलेल्या ओळी नाना आपल्या हातावर घेत होते. दोन पावलं पुढे जाऊन ‘नाना खोटं बोलतायत’ एवढंच म्हणायचं होतं. नियोजन, शास्त्र, सत्य यांवर मी तासतासभर बोलू शकत होतो. तिथे तीन शब्द फुटले नाहीत. फलक दारावरच राहिला, आणि आबांनीही पैज पुन्हा काढली नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या मळ्यात गेलो. विचारलं, “पाणी तुंबणार हे तुम्हाला दिसलं होतं, मग सरळ का नाही सांगितलं?”

“तू तं गावले सरळच सांगस. कोन ऐकस? पानी तुंबी म्हनं तं लोक उद्या दखू म्हंतस. राहू बठना म्हनं तं जेवन सोडीसन खोदतस.”

“आणि टपरीवर खोटं कशाला बोललात? तुमचं नाव गेलं.”

“मनं नाव नशीबनं शे रे भो. ते पडनं तं लोक नशीबले गाळ्या देतस. तुनं नाव कष्टनं शे. ते पडनं तं तुले देतीन.”

बोलता बोलता त्यांनी खिशातला हात काढला आणि फावडं उचललं. तळहात प्रथमच दिसला. घट्टे पडलेला, चिरा गेलेला, मजुराचा हात. नानांच्या मळ्यात सगळं आपोआप पिकतं, असं गाव म्हणायचं, कारण गाव उठायच्या आत त्यांचं काम उरकलेलं असायचं. नशिबाच्या हाताला घट्टे दिसले असते तर नारळ कोणी फोडला असता?

पुढच्या वर्षी नानांना दोनच आमंत्रणं आली. त्यानंतर एकही नाही. पलीकडच्या गावात कोणा जावयाचा पायगुण चांगला निघाला म्हणे. नाना ओट्यावर बसून असत, हात आता उघडाच मांडीवर. माझं केंद्र मात्र जोरात चाललं. ते गेले तेव्हा मी खांदा दिला आणि त्या वेळीही गप्प राहिलो. याची लाज मला आजही वाटते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून बोलावणं आलं. नानांचा हात म्हातारा झाला तो आमच्या बागेत, म्हणून त्यातला गुण आता माझ्याकडे आलाय, असा लोकांचा शोध. मी वावर फिरलो. खालच्या कोपऱ्यात पाणी मुरत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “आज मुहूर्त नाही. तिथे राहू बसलाय.” लगेच चार फावडी उचलली गेली. इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनी एकही इतक्या चटकन उचललं गेलं नव्हतं.

मग मला राहवलं नाही. तिथल्या म्हाताऱ्या आप्पांना सगळं सांगून टाकलं. त्या चार ओळी माझ्या हातच्या होत्या, नानांनी माझ्यासाठी ते स्वतःवर घेतलं.

आप्पा हसले. “उगा मोठेपना नको करू भो. नाना सोता सांगी गयात, त्यासनाच हात लागेल व्हता. नाना कधी खोटं बोलतीन का?”

मी उजवा हात खिशात घातला आणि चर खोदून होण्याची वाट पाहत उभा राहिलो.