फॉरमॅट मारण्याआधी

विशेभाऊ कम्प्युटर फॉरमॅट मारण्याआधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि घरातल्या एकेका माणसाला विचारायचे, "तुमचं काय हाय का आत?" आमच्या शेजारी तर त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या ऐंशीच्या म्हातारीलाही हा प्रश्न विचारला होता. तिने जन्मात कधी माउसला हात लावला नव्हता. "नसंल, तरी विचारायचं," ते म्हणायचे. "एकदा एंटर दाबलं का गेलं सगळं. मंग देवाला नारळ फोडा नायतर मला शिव्या घाला."

किन्हवलीच्या एका शाळेत ते लॅब असिस्टंट होते. शाळेत कम्प्युटर आले तेव्हा बाकीचे शिक्षक दाराशी उभे राहून बघत होते आणि विशेभाऊ खोके फोडून पुस्तिका वाचत बसले, एवढंच त्यांचं शिक्षण. पुढे विंडोज एक्सपी घराघरांत यायला लागलं तसं शहापूर-मुरबाडकडची मंडळी त्यांना बोलवू लागली. रविवार सकाळच्या एसटीने ते यायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन्सिल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत सीड्या आणि पावाच्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या फ्लॉप्या.

आमच्याकडे शहापूरला ते पहिल्यांदा आले तो रविवार मला लख्ख आठवतो. मुलगा पुण्याला कॉलेजात गेला आणि आपला कम्प्युटर मागे ठेवून गेला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माझी मेथीची जुडी निवडून व्हायची. आणि सुरू झालाच, तर मधेच थिजायचा. यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं, नवीन विंडोज टाका, पळायला लागेल. म्हणून विशेभाऊ आले, पंखा साफ केला, मेमरी तपासली. "म्हशाच्या जत्रंत बैल घेताना दात बघतो का नाय आपण?" ते म्हणाले. "मंग विंडोज घालताना रॅम नको बघायला?" सगळं बघून झाल्यावर हात मांडीवर ठेवले आणि यांना विचारलं, "साहेब, तुमचं काय हाय का आत?"

"काही नाही हो. थोडी गाणी आहेत, गेली तर गेली. मारा फॉरमॅट."

विशेभाऊंनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "वहिनी, तुमचं?"

हे हसले. "तिचं काय असणार? दुपारची पत्ते खेळत बसते."

विशेभाऊ हसले नाहीत. मग म्हणाले, "वहिनींना बोलू द्या."

माझे हात कणकेत होते. वीस वर्षांच्या संसारात 'तिला बोलू द्या' असं माझ्या घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. सासूबाई असताना तर नाहीच. मी दारात येऊन म्हटलं, "आहे. थोडं लिहिलेलं आहे." यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

कसलं लिहिलेलं, असं विशेभाऊंनी विचारलं नाही. यांना म्हणाले, "साहेब, नाक्यावरनं दोन कोऱ्या फ्लॉप्या आणता का? माझ्याकडच्या संपल्या." त्यांच्या पिशवीत सहा कोऱ्या फ्लॉप्या होत्या, त्या मी नंतर पाहिल्या. हे गेल्यावर मला खुर्चीवर बसवलं, स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठं हाय ते काढा. मी नाव वाचत नाय." माझं सगळं 'लोणची' नावाच्या फोल्डरमध्ये होतं. लोणच्यांचा फोल्डर कुठलाही पुरुष उघडणार नाही, हा माझा अंदाज अगदी बरोबर ठरला होता. नक्कल झाली तशी फ्लॉपी त्यांनी थेट माझ्या हातात दिली. "ही तुमची. पिठाच्या डब्याजवळ नका ठेवू. देव्हाऱ्यात बी नको, उदबत्तीची राख पडते."

काय लिहायचे मी? विशेष काही नाही. हे पहाटे आसनगावची गाडी गाठायला निघायचे ते दिवेलागण उलटून गेल्यावर यायचे. मधला सगळा दिवस माझा. बायका म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, ना सासू ना पोर. त्यांना काय सांगायचं? दिवसभर कुणाशी न बोललेल्या माणसाचा आवाज संध्याकाळी घशातून नीट निघत नाही, हे मला त्या वर्षांत कळलं. म्हणून लिहायचे, इतकंच. ते कुणी वाचावं असं वाटत नव्हतं, आणि कुणीच विचारू नये असंही वाटत नव्हतं.

यानंतर विशेभाऊ आमच्याकडे बऱ्याचदा आले. एक्सपी आलं आणि कम्प्युटरचा आवाज गेला, तर आवाजासाठी आले. आवाज आला आणि प्रिंटर रुसला, तर प्रिंटरसाठी आले. आल्याबरोबर ताटली मागायचे. "स्क्रूला ताटली द्या, नायतर ते पळतात." काम पुरं झाल्याशिवाय जेवायचे नाहीत. "मशीन उपाशी ठेवून आपण कसं जेवायचं?" घाई करणाऱ्याला सांगायचे, "दोनदा करायचं असंल तर घाई करा." पडद्यावर एकोणचाळीस मिनिटं शिल्लक असं यायचं आणि तासभर तिथेच थांबायचं. यांची चुळबुळ सुरू व्हायची. विशेभाऊ मात्र शांत. "ह्यो एसटीच्या कंट्रोलरसारखा हाय. येते म्हणून सांगतो, कवा ते त्याला बी ठाऊक नाय."

मला आधी वाटायचं, माणूस फार सोशिक आहे. मग ध्यानात आलं की त्यांना ते थांबणं आवडायचं. सेटप चालू असला की ते खुर्चीवर ताठ बसून घराचे आवाज ऐकायचे. कुकरची शिट्टी, फोडणी, यांचा पेपर उलटण्याचा आवाज. एखाद्या दिवशी काम लवकर आटपलं की चेहरा पडायचा आणि ते म्हणायचे, "आलोच हाय तर जरा माउसचा गोळा बी काढून पुसतो." गोळा स्वच्छच असायचा. मी चहा टाकायचे.

एका रविवारी दुपारी हे जेवून आडवे झाले होते, सेटप चालू होता. मी सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही सगळ्यांना विचारता ते का हो? यजमानांनी सांगितलं की पुरे नाही का?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली. मग म्हणाले, "माझ्या घरी मी नाय विचारलं."

त्यांच्या घरी माणसं दोनच, ते आणि बायको शालिनी. मूलबाळ नाही. कम्प्युटर नवा आणला तेव्हा त्यांनी बायकोला बजावलं होतं, हात लावू नको, बिघडेल. पुढे त्यांनी त्याच्यावर एक्सपी टाकलं. "नवीनच शिकलेलो, हौस व्हती. सकाळी बसलो, दुपारपातुर काम फत्ते. हिला हाक मारली, म्हटलं, बघ कसा पळतो. पदराला हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, बरं झालं. आन् आत गेली."

त्यानंतर दोन वर्षांनी शालिनीबाई पोटाच्या दुखण्याने गेल्या. तेराव्याला त्यांची धाकटी बहीण विशेभाऊंना म्हणाली, "भावजी, ताई कम्प्युटरवर लिवायची ते मला द्या. फोनवर वाचून दाखवायची मला."

"मी म्हटलं, काय लिवायची?" विशेभाऊ सांगत होते. "ती माझ्या तोंडाकडं बघाय लागली. तुमाला नाय ठाऊक? म्हटलं, मला वाटलं व्हतं, पत्ते खेळते."

मी विचारलं, "मग त्या बोलल्या का नाहीत? सगळं गेलं म्हणून?"

"काय बोलंल? हात लावू नको असं मीच सांगितलेलं. त्यानंतर लिवलं बी नाय तिनं, खरंच पत्ते खेळायची, असं बहीण सांगत व्हती."

जुनी हार्डडिस्क त्यांनी तेराव्याच्याच दिवशी काढून ठेवली होती आणि कम्प्युटरला दुसरी लावली होती. ज्या रविवारी कुणाचं बोलावणं नसेल त्या रविवारी ते पुसलेल्या फायली शोधणारे प्रोग्राम त्या डिस्कवर चालवत बसायचे. एक प्रोग्राम संपला की दुसरा. दोन वर्षांच्या वापरात तिच्यावर इतकं काही लिहिलं गेलं होतं की फारशी आशा नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. "चिखलणी झालेल्या खाचरात जोडवं शोधतो मी, वहिनी. पर जोडवं हाय तिथंच, ह्ये ठाऊक हाय ना. मंग शोधणं सोडवत नाय."

मला त्या बाईचा राग आला, खरंच आला. एवढं सगळं नवऱ्याने पुसून टाकलं आणि 'बरं झालं' म्हणून पोळ्या लाटायला गेली? भांडायचं होतंस, रडायचं होतंस. मग विचार केला, विशेभाऊंनी त्या दिवशी मला विचारलं नसतं तर मी काय केलं असतं? हेच केलं असतं. राग गेला नाही, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

पाच-सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. "वहिनी, गावलंय. एक फाइल. नाव नाय, काय नाय. मी उघडली आन् बंद केली."

"बंद का केली?"

"तिनं मला दाखवली नव्हती ना. मी वाचावी का नाय, ते मला कळत नाय. तुमी बी लिवता. तुमी येऊन सांगा."

मी यांना सांगितलं, किन्हवलीला विशेभाऊंकडे जाऊन येते. यांनी 'का' असं विचारलं नाही. दुपारच्या एसटीने गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी. झाडलोट चोख, पण ओट्यावर एकच कप, एकच ताट, एकच पातेलं. विशेभाऊंनी मला खुर्ची दिली, फाइल उघडून दिली आणि स्वतः दाराच्या चौकटीत जाऊन पडवीकडे तोंड करून उभे राहिले.

मराठीच होतं, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. पुढचं-मागचं गेलेलं, मधेमधे चौकोन आणि भलतीच चिन्हं. वाचता येण्याजोग्या पंधरा-वीस ओळी असतील. मी आधी सगळं मनात वाचलं. मग म्हटलं, "भाऊ, हे तुम्ही ऐकावं. मी वाचून दाखवते."

मी वाचू लागले.

"शेजारची कोंबडी आज पुन्हा आमच्या पडवीत अंडं घालून गेली. परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, आमची कोंबडी असं करत नाही. मग मी ते तळून खाल्लं."

"मला नाय दिलं," विशेभाऊ दारातून म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरून कळलं की ते हसत आहेत.

"आता अक्षरं शोधावी लागत नाहीत. फक्त क्यू कुठे असतो ते विसरते. पण क्यू लागतो कुणाला?" मग बराच भाग गेलेला होता. पुढे एकदम, "आज बोलायला कुणी आलं नाही, म्हणून पानभर लिहिलं."

शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. त्या गाळाव्यात असं मला वाटलं, आणि मी थांबले.

"थांबलात का? हाय तेवढं वाचा."

मी वाचलं. "हे पाच वाजता येतात. मी चारलाच बंद करते आणि कव्हर घालते, म्हणजे तोवर गार होतो. आल्या आल्या हात लावून बघतात, पण काही कळत नाही त्यांना."

पुढे नुसते चौकोन होते. विशेभाऊ वळले नाहीत. चौकटीतूनच त्यांचा आवाज आला.

"कव्हर घातल्यावर गार कसा व्हईल? ऊब आतच ऱ्हाते ना. रोज कोमट असायचा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज हात लावायचो. कोमट लागला का बरं वाटायचं. वाटायचं, चला, दुपारचा तिचा टाइम गेला. एखाद्या दिवशी गार असला तर तिला विचारायचो, बरं नाय का?"

"मग हे त्यांना कधी सांगितलं का नाही, भाऊ?"

"सांगितलं असतं तर पुन्यांदा हात लावला नसता तिनं. मला वाटलं, खेळते तर खेळू दे."

पुढे विशेभाऊ निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत झोपेत गेले. दाराला लावलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच लोंबकळत राहिली, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना कळलं. मला कळायला तर आणखी आठवडा लागला. पण मला ते दिसतात ते त्या दुपारी दाराच्या चौकटीत पाठमोरे उभे असलेलेच. ते रोज हात लावून तिची खुशाली बघत होते, हे तिला कळायला हवं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. ते त्यांना माझ्याआधीच कळलेलं होतं.